गंजाचा डाग

छावणी,
१५ एप्रिल २०२५

बिभीषणराव,

फोनवर बोलणार नाही, जे असेल ते कागदावर द्या, असे तुम्ही दिपालीकडून कळवलेत. ठीक आहे. कागद मला सोयीचा आहे. पत्र तीच पोचवेल. तुम्ही माझ्या बहिणीचे यजमान, नमस्कारही तिच्यापुरताच समजावा.

तुमच्या शेडमधून मी जुन्या ट्रॅव्हलर गाडीचे चाकांवरचे घर करून घेतले, ते हौसेसाठी नव्हे. गेल्या मे महिन्यात आईला ऊन लागले आणि ती पाच दिवस दवाखान्यात होती. यापुढे उन्हाळ्यात हिला गारव्याबाहेर काढू नका, असे डॉक्टरांनी बजावले, हे तुमच्यासमोरच झाले. तिचा एकुलता भाऊ धोंडिबामामा पंचाहत्तरीला आला आहे. त्याचा मेंढरांचा तळ सध्या सोयगावच्या शिवारात आहे. तो मेंढरे सोडून शहरात येत नाही. आईला त्याच्याजवळ दोन दिवस राहायचे आहे, आणि तळावर ना वीज ना छप्पर. वैशाखात तळ पुढे जाईल तो दिवाळीलाच परतेल. दिवाळीपर्यंत आम्हा दोघांतले कोण राहील, हा आईचा रोजचा प्रश्न आहे.

परवा तिला घेऊन निघालो. फुलंब्री सुटली तेव्हा ती बरी होती. सिल्लोडला पोचेपर्यंत आतला पारा छत्तीसवर गेला. एसीचा आवाज भरपूर, वारा नाही. आई म्हणाली, "मल्हारी, ही गाडी हाय का भट्टी?" मग तिने बोलणेच सोडले. सिल्लोडहून परत फिरलो.

मी वर्तमानपत्राची पट्टी प्रत्येक झरोक्यापुढे धरून पाहिली. चालकाजवळ ती जेमतेम हलते, पलंगावरच्या झरोक्यापुढे अजिबात नाही. छताच्या जाळीतून पिवळसर पाणी ठिबकते. लोखंड हलके वापरले असले की गंज पंधरा दिवसांतही चढतो. पाडव्याला गाडी ताब्यात घेतली तेव्हाची माझी डायरी समोर आहे. "गार वारा थेट पायांपर्यंत येतो" असे तीत स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे दाखवायच्या दिवसापुरते काम चोख होते.

दुरुस्ती कधी करता ते लेखी कळवावे.

मल्हारी


पडेगाव,
१७ एप्रिल

मल्हारीदादा,

पत्र भेटलं. दिपालीनं वाचून दाखवलं नाय, माझं मीच वाचलं. तुमच्या घरात काहींचा वेगळा समज आहे म्हणून सांगून ठेवतो.

तुम्ही कॉलेजात भूगोल शिकवता. मोसमी वारं कुठून सुटतंय ते सांगायला मी कधी तुमच्या वर्गात आलो का? मग माझ्या शेडमधलं वारं मला शिकवू नका. आजपर्यंत दवाखान्यांच्या कितीतरी गाड्या बांधून दिल्या, एकानं बी कागदाच्या पट्ट्या धरल्या नाय.

गंज म्हणता. पाण्याचा ट्रे प्लॅस्टिकचा. जाळी प्लॅस्टिकची. नळ्या तांब्याच्या, वारं गार करणाऱ्या पत्र्या ॲल्युमिनिअमच्या. गंज चढला कशाला, तुमच्या डोक्याला? फिल्टर धुतला का? का नुसतं डायरीत लिहून ठेवलं, आज फिल्टर धुतला म्हणून?

आमच्या लग्नाच्या बैठकीत तुम्ही पाहुण्यांना म्हणला होता, पोरगा पत्र्याचे डबे ठोकतो. मी दाराच्या अलीकडंच उभा होतो. आज त्याच डब्यात आई बसवायची पाळी आली तुमच्यावर.

रविवारी येतो. तुमच्या आईसाठी, आक्काबाईंसाठी येतो, तुमच्यासाठी नाय. सोबत सोमनाथ मिस्त्री असंल. बारा वर्षं झाली माझ्याकडं, तुमच्या गाडीचं छत आन् एसी त्यानंच बसवला. अट एकच. काम चालू असताना मागं वही घेऊन उभं राहायचं नाय.

बिभीषण


छावणी,
२२ एप्रिल

बिभीषणराव,

तुमची अट मी पाळली. रविवारी वही घेऊन उभा राहिलो नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले. पाहणे अटीत नव्हते.

आत ओढली जाणारी हवा आणि बाहेर फेकली जाणारी हवा यांच्यामध्ये जो पडदा असतो, त्याची चिकटपट्टी एका कोपऱ्यात सुटली होती. ती तुम्ही नव्याने लावलीत. तासभर वारा वाढला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. सोमवारी दुपारी कागदाची पट्टी पुन्हा होती तशी. फिल्टर मी दर रविवारी धुतो आणि वाळवून बसवतो. तुमची शंका तेवढ्यापुरती चुकीची आहे.

आता सोमनाथ मिस्त्रीबद्दल. तुम्ही खाली हत्यारे गोळा करत होतात तेव्हा त्याने जाळीच्या आतून नखाने काहीतरी खरवडले, नाकाशी नेले आणि खिडकीत मी दिसताच हात पँटला पुसून गप्प झाला. मी पंचवीस वर्षे वर्गात उभा आहे. कॉपी पकडली गेल्यावर मुले अशीच गप्प होतात. चिकटपट्टी हलकी, काम हलके, आणि हे त्याला पहिल्यापासून माहीत होते. असा माणूस कामावर ठेवून तुम्ही आजारी माणसांच्या गाड्या बांधता? सध्या तुमच्या शेडमध्ये ज्या दवाखान्याची गाडी उभी आहे, त्यांना माझे निरीक्षण कळवणे मी माझे कर्तव्य समजतो. तुम्ही काय करता ते पाहून ठरवीन.

सोबत माझा पांढरा हातरुमाल आहे. जाळीखाली तासभर ठेवला होता. डाग कोरडा झाल्यावर घडी घातली आहे. तुमच्या प्लॅस्टिकला गंज येत नसेल, तर हा डाग कसला ते लिहावे.

आई विचारते, बिभीषण घरात येऊन पाणी का प्याला नाही. 

मल्हारी


पडेगाव,
२५ एप्रिल

मल्हारीदादा,

तुमच्या मनासारखं झालं. सोमनाथला काढला.

त्याला समोर बसवून विचारलं, पट्टी कोणती लावली. म्हणला, चांगली लावली. मग वारं का येत नाय? तर म्हणला, पाडव्याला काय झालं ते सरांना विचारा. मला ते उलट उत्तर वाटलं. दवाखान्याचा माणूस शेजारी उभा होता, तुमच्या पत्रानं डोकं आधीच तापलं होतं. म्हणलं, उद्यापासून येऊ नको. पाना-पक्कड तिथंच ठेवून, डब्याची पिशवी घेऊन गेला. 

त्याची बायको दिपालीकडं येऊन गेली. काय बोलली ते दिपाली मला सांगत नाय. तीन दिवस झाले, माझ्याशी मीठ-भाकरीपुरतं बोलती.

रुमाल भेटला. टेबलावर ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावा म्हणून. कसला डाग ते मला कळत नाय, तुम्हाला बी कळत नाय. फरक इतकाच की मी नाय कळत म्हणतो.

एसीचं वरचं झाकण मी उघडणार नाय. ते उघडलं की कंपनी हात वर करती, मग तुम्ही ती बी माझ्याच नावावर लिहाल.

बिभीषण


छावणी,
२७ एप्रिल

बिभीषणराव,

मी माझ्या पत्रांच्या प्रती ठेवतो. सोमनाथला काढा, असे मी कुठेही लिहिलेले नाही. प्रत दोनदा वाचली. "असा माणूस कामावर ठेवून" असे शब्द आहेत, आणि त्यापुढे तुमच्या दवाखान्याचे नाव न घेता दिलेली धमकी आहे. ती धमकी होती, हे मी आज मान्य करतो. परंतु निर्णय तुमचा. बारा वर्षांचा माणूस तुम्ही एका परक्याच्या कागदावर काढलात, ह्याचे ओझे माझ्याकडे देऊ नये.

पाडव्याला काय झाले, हे सरांना विचारा, असे तो म्हणाला. विचारलेत तर सांगतो. काहीही झाले नाही. गाडी मिळाली, पूजा झाली, जेवलो.

धोंडिबामामाचा निरोप आला आहे. ज्या शेतात मेंढरे बसवली आहेत तिथला चारा संपत आला. अक्षयतृतीयेला तळ हलवायचा ठरला होता, पण "आक्का येतीया" म्हणून तो थांबला आहे. मेंढरे उपाशी ठेवून तो किती थांबेल? आईने तिची पेटी भरून दाराशी ठेवली आहे. काल मी ती आत उचलून ठेवली तर तिने पुन्हा बाहेर आणली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एकटीने.

तुम्ही झाकण उघडत नसाल तर मी दुसरा माणूस आणतो. मात्र त्याला आत जे सापडेल ते मी लेखी घेईन.

मल्हारी


पडेगाव,
३० एप्रिल

दादा,

आज हे पत्र मी लिहिते आहे. तुम्हा दोघांची टपालकी करून माझे पाय दुखले. दोघंही मला वाचून न दाखवता पाकीट चिकटवता, आणि दोघंही विचारता, "तो काय म्हणाला?"

तुझा रुमाल आठ दिवस शेडच्या टेबलावर पडला होता, पुरावा म्हणून. आज अक्षयतृतीया. सणाचे कपडे धुवायला काढले त्यात मी तोही उचलला. साबण लावला आणि डाग लालभडक झाला. दादा, गंज साबणानं लाल होत नाही. हळद होते. माझ्या लग्नात हळदीच्या साड्या आईनं माझ्यासमोर धुतल्या होत्या, तेव्हा असंच कुंकवासारखं पाणी झालं होतं. मी घाबरले तर म्हणाली, "येडे, हळद साबणाला लाजती."

ह्यांना दाखवलं. त्यांनी रुमाल उजेडात धरून बघितला. म्हणाले, माझ्या मशीनमध्ये हळद कुठून आली? मला माहीत आहे कुठून आली. पाडव्याला बाहेर हे चाकापुढं नारळ फोडत होते, मी गुढीपाशी होते. आत आई होती, तू होतास, आणि दारात सोमनाथदादा.

तुझ्या डायरीतलं एक वाक्य तू पहिल्या पत्रात पाठवलंस. उरलेलं पान मला बघायचं आहे.

सोमनाथदादाची मुलगी बारावीला आहे. एवढंच.

दिपाली


छावणी,
१ मे

बिभीषणराव,

दिपालीला पान हवे आहे. तिला हवे म्हणून पाठवत नाही, तुम्हाला दाखवणे भाग आहे म्हणून पाठवतो. डायरीचे पान मी आजवर कधी फाडले नव्हते. सोबत मूळ पान आहे. नक्कल करताना एखादा शब्द सौम्य केला असता, अशी माझी मलाच शंका आली.

पान वाचून टाकून द्याल, म्हणून मजकूर इथेही लिहितो:

"पाडवा. दुपारी एक. गाडी ताब्यात. आईला आत पलंगावर बसवले, एसी पूर्ण वेगाने. गार वारा थेट पायांपर्यंत येतो. आईने जेजुरीचा भंडारा माझ्या ओंजळीत दिला. तिच्यावरून ओवाळून छताकडे तीन मुठी उधळला, येळकोट केला. सगळी गाडी पिवळी. आई हसली. दवाखान्यातून आल्यापासून अशी हसली नव्हती. मिस्त्री दारातून मध्येच विचारत होता, 'सर, एसी बंद करू का?' मी म्हणालो, आईला उकडेल, तू बाहेर थांब."

हवा आत ओढणारी जाळी माझ्या डोक्यावर बरोबर हातभर अंतरावर होती. तिसरी मूठ वरच्या वर नाहीशी झाली, खाली आलीच नाही, हे मला आज आठवते. तेव्हा शुभ वाटले होते. फिल्टरच्या जाळीतून बारीक हळद आत जाते, ओल्या पत्र्यांवर बसते आणि तिची खळ होते. दर रविवारी मी फिल्टर धूत होतो आणि मागे भिंत तयार होत होती.

मी हे लपवले का? काल रात्रभर स्वतःला विचारतो आहे. लपवले नाही, असे वाटते. हवे ते वाक्य सापडल्यावर मी पुढे वाचायचे थांबलो, इतकेच. परंतु "पाडव्याला काहीही झाले नाही" असे सत्तावीस तारखेला लिहिले, ते डायरी न उघडता. तेव्हा उघडायला हवी होती आणि मी टाळले. हे लपवण्याहून बरे की वाईट, मला ठरवता येत नाही.

गंज नव्हता. पट्टी हलकी नव्हती. सोमनाथ दोषी नव्हता. तिन्ही आरोप मागे घेतो.

आईला यातले काही सांगणार नाही. भंडारा तिने दिला होता. तुम्हीही सांगू नये, ही विनंती.

सोमनाथचा पत्ता द्यावा.

मल्हारी


पडेगाव,
३ मे

मल्हारीदादा,

पान वाचलं. टाकलं नाय. रुमालाशेजारी ठेवलंय.

आरोप मागे घेता म्हणे. शाळेत पोरानं खोडलेलं असतं ना, तसं. खालचं दिसतंच.

आक्काबाईंना मी काय सांगणार नाय. ते तुम्ही लिहायची गरज नव्हती.

सोमनाथ क्रांती चौकाजवळ एका एसीच्या दुकानात लागलाय. बारा वर्षं छत बांधणारा माणूस आता तिसऱ्या मजल्यावर खोकी चढवतोय. तुमचं तुम्ही जावा. गाडी माझ्या शेडमध्ये आणायची नाय. वरचं झाकण तो उघडंल, त्याला येतं. आधी जोराच्या पाण्याचा पंप मारू नको म्हणावं, पत्र्या दुमडतील. हे बी त्याला माहीत आहे, तरी लिहितो.

बिभीषण


छावणी,
१२ मे

बिभीषणराव,

हे शेवटचे लांब पत्र. तुम्हाला ऐकायचे नसेल तरी हिशेब अर्धा ठेवणे मला जमत नाही.

सोमनाथ दुकानाच्या पायरीवर डबा खात होता. मी उभ्यानेच पानावर काय होते ते सांगितले आणि माफी मागितली. त्याने हातातला घास संपवला. म्हणाला, "सर, त्या रविवारीच वास आला होता मला. हळद, आन् तीबी जेजुरीची." मी विचारले, मग बोलला का नाहीस? "देवाच्या भंडाऱ्यानं मशीन बसलं, हे कुठल्या तोंडानं सांगू? आत तुमची आई ऐकत होती. म्हणून मालकाला म्हणलं, सरांना विचारा. त्यांनी तुम्हाला विचारलंच नाय."

गुरुवारी सुट्टी टाकून तो आला. छतावर चढून झाकण काढले. आतल्या पत्र्यांवर पिवळा लेप होता, पुरणासारखा घट्ट. कोमट पाणी आणि मऊ ब्रश घेऊन तीन तास एकेक रांग धूत बसला. मी खालून बादल्या दिल्या. वही आणली नव्हती. पंखा सुरू केला तेव्हा पलंगावरच्या झरोक्याने माझ्या हातातली कागदाची पट्टी उडवून दिली. आई म्हणाली, "आता कसं, डोंगरावरचं वारं!" काय बिघडले होते हे तिने विचारले. सोमनाथ म्हणाला, "धूळ बसली होती, आक्का."

शनिवारी सोयगावला गेलो. गाडी चालवायला मी सोमनाथला विनवले. वाटेत पुन्हा काही झाले असते तर मला पुन्हा कोणाला तरी दोष द्यायची भीती वाटत होती.

मामाने तळ हलवला नव्हता. चारा कधीच संपला होता, मेंढरांच्या फासळ्या दिसत होत्या. शेतमालकाने दोनदा उठायला सांगितले होते. आईने दारातून पाय खाली टाकला तसा मामा ओरडला, "तिथंच ऱ्हा, उनात येऊ नको! मीच येतो डब्यात!" आणि काठी टेकत आत चढला. दोघे पलंगावर शेजारी बसले.  मग आई म्हणाली, "तुझी मेंढरं लई वाळली." मामा म्हणाला, "तुझ्यापायी वाळली."

मग मामाने कमरेची पिशवी सोडली, मूठभर भंडारा घेतला आणि बहिणीवरून ओवाळायला हात वर केला. चालकाच्या जागेवरून सोमनाथने मान वळवली. अगदी त्याच आवाजात म्हणाला, "सर, एसी बंद करू का?"

मी म्हणालो, "कर."

दोन मिनिटे गाडीत उकडले. आईने तक्रार केली नाही.

तुमच्यावर मी जे लिहिले ते सगळे मनातून पुसता येईल, असे वाटत नाही. तुम्हीही मला जे बोललात त्यातले काही खरे होते. बैठकीतले ते डब्यांचे वाक्य मी उच्चारले होते. आजवर नाकारत आलो.

सोमनाथला परत बोलवाल, अशी आशा.

मल्हारी


पडेगाव,
१४ मे

मल्हारीदादा,

आशा ठेवायला तुम्हाला काय लागतं. मी दोनदा जाऊन आलो त्याच्याकडं, तुमच्या पत्राच्या आधीच.

चहा पाजला त्यानं. बसायला खुर्ची दिली, सोता उभा राहिला. म्हणलं, चूक झाली, चल. नाय म्हणला. म्हणलं, ज्यानं आळ घेतला त्या सरांची गाडी धुवून दिली, चालवत बी नेली, मग मलाच नाय का? तर म्हणला, "सर मला वळखत नव्हते. तुम्ही बारा वर्षं वळखत होता."

 उठून आलो.

तुम्ही माफी मागितली आन् तुम्हाला भेटली. पत्र लिहिलं, पान फाडलं, मोकळे झाला. मी तुमच्या एका कागदावर माणूस घालवला, तो परत येत नाय. दवाखान्याच्या गाडीचं छत अर्धं पडलंय शेडमध्ये. नवा मिस्त्री आहे, बरा आहे. पंखा लावला की मी अजून दाराकडं बघतो, सोमनाथ उभा असंल म्हणून.

यापुढं पत्र पाठवू नका. दिपाली येत जाईल आक्काबाईंना बघायला, मी येणार नाय. गाडीला काय झालं तर सोमनाथला बोलवा, तुम्हाला तो येईल.

हे बी डायरीत लिहून ठेवा. आन् यावेळेस पान शेवटपर्यंत वाचा.

बिभीषण